अपघातानंतरचे कागद : जखमी माणसाच्या घरच्यांसाठी

माझा दादा गवंडी. २००६ च्या उन्हाळ्यात कामावरून सायकलनं घरी येत होता, मागून टेम्पोनं उडवलं. टेम्पोवाल्यानंच उचलून गाडीत घातलं आणि दवाखान्यात आणलं. मी आईला घेऊन पोचले तेव्हा तो दारातच उभा होता. म्हणाला, "ताई, पोलिसांत कशाला जाता? तुम्हालाच हेलपाटे पडतील. खर्च मी करतो." आईच्या हातात त्यानं दोन हजार रुपये कोंबले. आत डॉक्टरांनी विचारलं, कसं लागलं? मी सांगितलं, "सायकलवरून पडला." डॉक्टरांनी तेच लिहून घेतलं.

टेम्पोवाला परत दिसला नाही. चौथ्या दिवशी आम्ही फिर्याद दिली, पण माझ्या त्या दोन शब्दांनी पुढची पाच वर्षं आमचा पिच्छा सोडला नाही. विमा कंपनीचे वकील प्रत्येक तारखेला तो केसपेपर पुढे करायचे : पेशंटची बहीणच सांगते की तो पडला, मग टेम्पो आला कुठून?

त्या दाव्याच्या निमित्तानं वकिलांच्या ऑफिसात माझं जाणं-येणं वाढलं. टायपिंग येत होतं, म्हणून पुढं तिथंच कामाला लागले. मोटार अपघाताचे दावे टाइप करणं हे आता माझं रोजचं काम आहे. मी वकील नाही, आणि तुमच्या केसचा सल्ला तुम्ही वकिलाकडूनच घ्यायला हवा. पण कोणता कागद नसला की दावा कुठं अडतो, ते मी रोज डोळ्यांनी बघते. लोकांना वाटतं दावा कोर्टात लढला जातो. खरं तर पहिल्या आठ-दहा दिवसांत जे कागद होतात, त्यांच्यावरच तो उभा राहतो किंवा पडतो. आणि नेमके तेच दिवस घरात रडारडीचे, धावपळीचे असतात. म्हणून हे लिहिते आहे.

दवाखान्याच्या दारात

आधी जीव. १०८ किंवा ११२ ला फोन करा. जवळ जो दवाखाना असेल तिथं न्या. 'पोलीस केस आहे, आम्ही घेत नाही' असं कुणी म्हणालं तर ते चालत नाही. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की डॉक्टरांनी कागदोपत्री सोपस्कारांची वाट न बघता उपचार सुरू केले पाहिजेत, मग दवाखाना सरकारी असो की खासगी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्येही तेच आहे. ज्या वाहनानं धडक दिली त्याच्या चालकावरही जखमीला दवाखान्यात पोचवण्याची जबाबदारी याच कलमानं टाकली आहे. टेम्पोवाल्यानं दादाला दवाखान्यात आणलं ते उपकार नव्हते, हे मला फार उशिरा कळलं.

पैशांची सोय नसेल तर लगेच विचारा की हा दवाखाना रस्ते अपघाताच्या कॅशलेस योजनेत आहे का. केंद्र सरकारनं ५ मे २०२५ रोजी ही योजना अधिसूचित केली. अपघात झाल्यापासून सात दिवसांपर्यंत, एका जखमीमागे दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार यात बसतो. योजनेत नसलेल्या दवाखान्यात रुग्णाची प्रकृती स्थिर होईपर्यंतचाच उपचार यात धरतात. अपघात खरोखर झाला याची खातरजमा पोलीस करतात, म्हणून पोलिसांना कळवायला उशीर नको.

आता तो प्रश्न. कॅज्युअल्टीत डॉक्टर विचारतात, कसं लागलं? तुमचं उत्तर केसपेपरवर आणि एमएलसीच्या, म्हणजे पोलीस केस म्हणून दवाखाना ठेवतो त्या नोंदीत उतरतं. वर्षानुवर्षं टिकणारा पहिला कागद तोच. तेव्हा जे घडलं तेच, पूर्ण वाक्यात सांगा : 'सायकलवरून जात असताना मागून टेम्पोनं धडक दिली.' वाहनाचा नंबर माहीत असेल तर तोही सांगा. माहीत नसेल तर 'अनोळखी वाहन' म्हणा. अंदाजानं नंबर सांगू नका. तुम्ही तिथं नव्हता तर 'मी पाहिलं नाही, ज्यांनी आणलं त्यांनी असं सांगितलं' एवढं म्हणा. 'पडला', 'घसरला', 'गाडी स्लिप झाली' हे शब्द आपण बोलता बोलता सहज वापरतो. गाडीवर धडक बसली की माणूस पडतोच, म्हणून तोंडातून 'पडला' निघतं. कागदावर मात्र त्याचा अर्थ होतो की दुसरं वाहन नव्हतंच.

डॉक्टरांनी काय लिहिलं ते वाचून दाखवा अशी नम्रपणे विनंती करा. आम्ही केली नाही.

आणि चुकीचं लिहिलं गेलं असेल तर? कागदावर खाडाखोड करायला कुणालाही सांगू नका, ते अंगाशी येतं. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्या : घाबरलेल्या अवस्थेत माहिती अपुरी दिली गेली, प्रत्यक्षात असं असं घडलं. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. पोलिसांना जबाब देताना हेच सांगा आणि लिहून घ्यायला लावा. चूक दोन दिवसांत दुरुस्त झाली तर कोर्टाला ती समजते. दोन वर्षांनी उलटतपासात सांगितली की ती सारवासारव वाटते.

ज्यांनी उचलून आणलं त्यांचा फोन नंबर घ्या, पण त्यांना भीती घालू नका. मदत करणाऱ्याला कायद्यानं संरक्षण आहे. स्वतःचं नाव सांगायचं की नाही, साक्षीदार व्हायचं की नाही, हे त्याच्या मर्जीवर आहे. हे त्याला सांगा. भीती गेली की माणूस बहुधा आपणहून नंबर देतो.

पोलीस ठाण्यात

शक्य तर त्याच दिवशी फिर्याद द्या. जखमी शुद्धीवर नसला तरी घरचा माणूस किंवा पाहणारा कुणीही देऊ शकतो. अपघात दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतला असला तरी जवळच्या ठाण्यानं नोंद घेऊन ती तिकडं पाठवायची असते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तेव्हा बेदरकार गाडी चालवण्यासाठी कलम २८१, गंभीर दुखापतीसाठी १२५, आणि निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला असेल तर १०६ ही कलमं एफआयआरमध्ये दिसतील. फिर्याद घेतच नसतील तर पोलीस अधीक्षकांना लेखी, पोस्टानं कळवा. तिथंही दाद लागली नाही तर वकिलामार्फत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

फिर्याद देताना एका गोष्टीकडे नीट लक्ष द्या : कोणता रस्ता, कोणती दिशा, जखमी रस्त्याच्या कोणत्या बाजूनं चालला होता, वाहन कुठून आलं. 'समोरून भरधाव वेगात' असं ठोकळेबाज वाक्य ठाण्यात तयारच असतं. धडक मागून बसली असेल तर 'मागून' हाच शब्द हवा. सही करण्याआधी वाचा. चष्मा विसरला असेल तर कुणाकडून तरी वाचून घ्या.

मग घटनास्थळाचा पंचनामा. आमचा दावा वाचला तो पंचनाम्यावर. दादाची सायकल रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीमागं चार दिवस तशीच पडून होती. टपरीवाल्या काकांनी ती कुणाला हलवू दिली नव्हती. हवालदारांनी पंचनाम्यात लिहिलं : मागचं चाक पूर्ण दुमडलेलं, मागचा मडगार्ड आत दबलेला, पुढचं चाक सुस्थितीत. एवढंच. पण स्वतःहून पडलेल्या माणसाचं मागचंच चाक दुमडत नाही. निकालात ते वाक्य जसंच्या तसं आलं. म्हणून सांगते, गाडी लगेच गॅरेजला देऊ नका. पोलिसांचा पंचनामा होईपर्यंत हलवू नका, हलवावी लागलीच तर आधी चारी बाजूंनी फोटो काढा. रस्त्यावरच्या टायरच्या खुणा, फुटलेल्या काचा, आसपासच्या दुकानांचे कॅमेरे. कॅमेऱ्यांचं फुटेज थोड्याच दिवसांत पुसलं जातं, तेव्हा ते ताब्यात घ्यावं असा अर्ज तपास अधिकाऱ्यांना पहिल्याच दिवशी द्या.

२०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्यानं ४८ तासांच्या आत अपघाताचा पहिला अहवाल मोटार अपघात दावा प्राधिकरणाला (भरपाईचे दावे चालवणारं कोर्ट) आणि विमा कंपनीला पाठवायचा असतो, जखमीलाही द्यायचा असतो. सविस्तर अहवाल ९० दिवसांत. जखमीचे हक्क सांगणारा एक छापील नमुनाही तुम्हाला मिळायला हवा. ठाण्यात कामाचा बोजा असतो, तुम्ही मागितल्याशिवाय तो बहुधा हातात पडत नाही. मागा.

पिशवी

घरात एक जाड पिशवी करा आणि त्यात सगळं टाकत जा. मूळ कागद कुणालाच देऊ नका, ना एजंटला, ना विमा कंपनीच्या चौकशी अधिकाऱ्याला. झेरॉक्स द्या. केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रेच्या फिल्म, औषधाच्या दुकानाची बिलं (आणि प्रत्येक बिलाला जोडलेली डॉक्टरांची चिठ्ठी, कारण चिठ्ठीशिवायचं बिल कोर्टात लटकतं), फिजिओथेरपीच्या पावत्या, कुबड्या-वॉकरचं बिल, रिक्षाच्या किंवा भाड्याच्या गाडीच्या पावत्या. रिक्षावाला पावती देत नसेल तर वहीत तारीख, कुठून कुठं, किती रुपये, त्याचं नाव लिहा. सेवेला कुणी ठेवलं असेल तर त्याचे पैसे लिहा. घरच्या माणसानं काम बुडवून सेवा केली असेल तर तेही लिहा, त्याचंही मोल धरलं जातं. औषधाची बिलं उष्णतेनं छापलेली असतात, सहा महिन्यांत कोरी होतात. त्यांची झेरॉक्स तिथल्या तिथं काढून मूळ बिलाला टाचा.

मेडिक्लेममधून पैसे मिळाले असतील तर लोक गप्प बसतात, त्यांना वाटतं आता दाव्यात काही मिळणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं मार्च २०२५ मध्ये सांगितलंय की मेडिक्लेमची रक्कम वैद्यकीय खर्चाच्या भरपाईतून वजा करायची नाही. हप्ते तुम्ही भरलेत, त्याचा फायदा धडक देणाऱ्याला कशाला?

दावा कुठं आणि कसा

धडक देणाऱ्या वाहनाचा नंबर मिळाला की 'एमपरिवहन' ॲपवर विम्याची वैधता दिसते. कंपनी आणि पॉलिसी नंबर पोलिसांच्या कागदांतही असतो. थर्ड पार्टी विमा, म्हणजे गाडीनं दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरून देणारा विमा, प्रत्येक वाहनाला सक्तीचा आहे, आणि तुमची भरपाई मुख्यतः त्यातून येते. चालकाकडे परवाना नव्हता म्हणून घाबरू नका. अशा केसमध्ये कोर्ट बहुतेक वेळा कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला लावतं आणि ते मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. विमाच नसेल तर जबाबदारी मालक आणि चालकावर येते. अशा वेळी जप्त केलेलं वाहन सोडू नये म्हणून वकिलामार्फत ताबडतोब हालचाल करा, कारण वाहन एकदा गेलं की वसुलीला हाती काही राहत नाही.

मुख्य दावा मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली, मोटार अपघात दावा प्राधिकरणात. अपघात जिथं झाला तिथंच जावं लागतं असं नाही, तुम्ही राहता त्या भागातल्या प्राधिकरणातही चालतो. पुण्याला कामाला गेलेला पोरगा नगर रोडवर जखमी झाला तर गावाकडच्या आई-बापांनी तारखांना पुण्याला जायची गरज नाही. मुदत मात्र अपघातापासून सहा महिने. ही मुदत १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलंय, पण त्या भरवशावर घरी बसू नका. 'आधी बरा होऊ दे, मग बघू' म्हणणारी माणसं आमच्या ऑफिसात दर महिन्याला येतात, सातव्या-आठव्या महिन्यात. अंथरुणावरूनही वकीलपत्रावर सही करता येते.

कलम १६४ हा दुसरा मार्ग. इथं चूक कुणाची ते सिद्ध करावं लागत नाही. मृत्यू झाला तर ५ लाख, गंभीर दुखापत असेल तर अडीच लाख रुपये. ऐकायला बरं वाटतं, पण हे घेतलं की १६६ चा दावा संपतो. कमावत्या माणसाचा पाय गेला असेल तर अडीच लाखांवर सही करण्याआधी दहा वेळा विचार करा. चूक जखमीचीच जास्त होती असं पुराव्यावरून दिसत असेल, तर हाच मार्ग शहाणपणाचा.

वाहन पळून गेलं आणि सापडलंच नाही तर हिट अँड रन योजना आहे : मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार. हा अर्ज कोर्टात नाही, महसूल खात्याकडे, म्हणजे तहसील किंवा उपविभागीय कार्यालयात द्यायचा असतो, आणि मंजुरी जिल्हाधिकारी पातळीवर होते. ही योजना लोकांना माहीतच नसते. पोलिसांचा तपास बंद झाला की घरचेही फाइल बंद करतात. तसं करू नका.

स्वतःची गाडी स्वतःच घसरली, दुसरं वाहन नाही, तर आपल्या गाडीच्या पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आहे का बघा. आणि अपघात कामावर असताना झाला, उदाहरणार्थ ट्रकवरचा क्लीनर, तर सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० (नोव्हेंबर २०२५ पर्यंत त्याजागी कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ होता) हाही पर्याय आहे. दोन्हीकडे एकदम मागता येत नाही, एकच निवडावा लागतो.

हेल्मेट नव्हतं, दुचाकीवर तिघे होते, म्हणून दावा मेला असंही नाही. त्या गोष्टीमुळे अपघात झाला किंवा इजा वाढली, हे समोरच्याला दाखवावं लागतं. दाखवलं तर भरपाईतून काही टक्के कापले जातात, दावा बाद होत नाही. हेल्मेट नव्हतं तर 'होतं' असं खोटं सांगू नका. केसपेपरवर डोक्याची जखम लिहिलेली असते.

टक्के

इथं थोडं थांबून वाचा, कारण सगळ्यात जास्त पैसे इथंच हातचे जातात.

हाड जुळलं, उपचार संपले, तरी काही राहून गेलं असेल तर अपंगत्वाचा दाखला लागतो. जिल्हा शासकीय रुग्णालयाच्या मंडळाचा दाखला सगळ्यात बरा. खासगी डॉक्टरचा असेल तर त्याला साक्षीला यावंच लागतं, आणि ज्यानं कधी उपचारच केले नाहीत अशा डॉक्टरचा चढवलेला दाखला उलटतपासात टिकत नाही. मी असे ५५ टक्क्यांचे दाखले १५ टक्क्यांवर आलेले पाहिलेत.

पण दाखल्यावरचे टक्के म्हणजे शरीराचे टक्के. कमाईचे टक्के वेगळे. सर्वोच्च न्यायालयानं राजकुमार खटल्यात हे फार सोपं करून सांगितलंय : एक हात गमावलेला सुतार किंवा ड्रायव्हर जवळपास संपूर्ण कमाई गमावतो, तर सरकारी कचेरीतला कारकून तेवढ्याच दुखापतीनंतरही नोकरी टिकवू शकतो. शरीराचे टक्के दोघांचे सारखे, नुकसान वेगळं. तेव्हा दाव्यात नुसतं '२० टक्के अपंगत्व' लिहून भागत नाही. तो माणूस आधी काय करायचा आणि आता काय करू शकत नाही, ते लिहावं लागतं.

दादाचा घोटा जुळला तो वाकडा. तो चालतो. डॉक्टरांनी लिहिलं २० टक्के. पण गवंड्याला परांचीवर चढावं लागतं, डोक्यावर घमेलं घेऊन फळीवर तोल सांभाळावा लागतो, तासन्‌तास उकिडवं बसून फरशी घालावी लागते. दादाला उकिडवं बसता येत नाही. आम्ही तो ज्याच्या हाताखाली काम करायचा त्या मुकादमाला साक्षीला आणलं. मुकादम म्हणाले, "माणूस चांगला आहे, पण आता याला वर चढवायला मी धजत नाही." त्या एका वाक्यानं कोर्टानं कमाईचं नुकसान ४० टक्के धरलं.

आकडा कसा बसतो ते बघा. आजच्या हिशेबानं ३४ वर्षांचा गवंडी, महिन्याची कमाई १५,००० रुपये. वर्षाचे झाले १,८०,०००. पुढं कमाई वाढली असती म्हणून त्यात भर घालतात. २०१७ च्या प्रणय सेठी निकालानुसार स्वतःचा धंदा किंवा ठरावीक पगार असलेल्याला चाळिशीच्या आत ४० टक्के, ४० ते ५० वयात २५, ५० ते ६० मध्ये १०. कायम नोकरी असेल तर ५०, ३० आणि १५. तेव्हा १,८०,००० चे झाले २,५२,०००. याला वयाच्या गुणकानं गुणायचं. गुणकाचा तक्ता २००९ च्या सरला वर्मा निकालात आहे : पंचविशीपर्यंत १८, मग हळूहळू उतरत ३१ ते ३५ ला १६, ४१ ते ४५ ला १४, ५१ ते ५५ ला ११, पासष्टीनंतर ५. आपल्या गवंड्याला १६, म्हणजे ४०,३२,०००. त्याचे ४० टक्के १६,१२,८००. तेच कोर्टानं दाखल्यावरचे २० टक्केच धरले असते तर ८,०६,४००. मुकादमाची साक्ष झाली नाही तर एवढा फरक पडतो.

हे फक्त कमाईचं झालं. औषधपाणी, प्रवास, खास आहार, उपचारात बुडालेली मजुरी, वेदना, आयुष्यातल्या गेलेल्या गोष्टी, तरुण मुला-मुलींच्या बाबतीत लग्नाच्या आड आलेलं व्यंग, हे सगळं वेगळं मागायचं असतं. मागितलं नाही तर बहुतेक वेळा मिळत नाही.

कमाईचा पुरावा हाताशी नसतो ही मजुराची अडचण. बँकेत भरलेले पैसे, भिशीची वही, बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी, मुकादमाची हजेरी वही, दुकानदाराची उधारी, जे असेल ते आणा. काहीच नसेल तर कोर्ट अंदाजे उत्पन्न धरतं, पण ते खालचं असतं.

आणि बायकांबद्दल. ऑफिसात जखमी बाईचा नवरा येतो, मी विचारते, "त्या काय करतात?" उत्तर येतं, "काही नाही, घरीच असते." मी तो शब्द दाव्यात टाइप करत नाही. किती माणसांचा स्वयंपाक, कुणाची दुखणी-खुपणी, किती गुरं, शेतात किती दिवस, हे एक एक विचारून लिहिते. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलंय की घरकामाला आर्थिक मोल आहे आणि गृहिणीचंही उत्पन्न धरून भरपाई द्यायची.

तडजोड आणि वकिलांची फी

पोलिसांचा सविस्तर अहवाल मिळाल्यावर विमा कंपनीच्या अधिकाऱ्यानं ३० दिवसांत आपला निर्णय सांगायचा असतो. देऊ केलेली रक्कम पटली तर प्राधिकरण तशी नोंद करून निकाल देतं, नाही पटली तर दावा चालतो. लोकअदालतीतही तडजोड होते. तिचा निकाल अंतिम असतो, त्यावर अपील नाही, म्हणून वर दाखवलेला हिशेब घरी कागदावर मांडून मगच जा. घाईची गरज सगळ्यांनाच असते. कर्ज फेडायचं म्हणून थोडं कमी घेणं ही चूक नव्हे, पण किती कमी घेतोय ते माहीत असायला हवं.

दवाखान्यात खाटेपाशी येऊन 'तुम्ही काही करू नका, निम्मे तुमचे निम्मे आमचे' म्हणणाऱ्या माणसाला हाकलून द्या. निकालाच्या रकमेत वाटा ठरवून फी घेणं वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे. फी ठरावीक ठेवा, लेखी ठेवा. कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर सही करू नका. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. हेल्पलाइन १५१००.

साक्षीच्या दिवशी

जखमीला स्वतः यावं लागतं. मी सगळ्यांना तेच सांगते : प्रश्न पूर्ण ऐका, माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणा, वेग किती होता याचा आकडा सांगू नका, तुम्ही मोजलेला नाही. माझी साक्ष झाली तेव्हा विमा कंपनीच्या वकिलांनी विचारलं, 'सायकलवरून पडला' असं डॉक्टरांना तुम्हीच सांगितलंत ना? मी म्हणाले, हो, मीच सांगितलं. का सांगितलं, तेही सांगितलं, आईच्या हातातल्या दोन हजारांसकट. खोटं बोलले असते तर पुढची सगळी साक्ष गेली असती.

निकालानंतर

रक्कम भरायला ३० दिवस असतात. दाव्याच्या तारखेपासूनचं व्याजही मिळतं. रक्कम कमी वाटली तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं, वादातली रक्कम लाखाच्या आत नसेल तर. काही भाग कोर्ट मुदत ठेवीत ठेवायला लावतं. ऑपरेशन, घराची दुरुस्ती, मुलीचं शिक्षण अशी खरी गरज असेल तर ठेव मोडायला अर्ज करता येतो. पैसे फक्त जखमीच्या स्वतःच्या खात्यात येऊ द्या, आणि त्या पासबुकाची झेरॉक्स दाव्यासोबत आधीच जोडा.

शेवटचा एक कागद, जो आम्ही घ्यायला विसरलो. पायात प्लेट, स्क्रू, सळई बसवली असेल तर ती पुढं काढायला लागणार का आणि अंदाजे खर्च किती, हे डॉक्टरांकडून त्यांच्या लेटरहेडवर लिहून घ्या आणि दावा दाखल करतानाच 'पुढील उपचारांचा खर्च' म्हणून मागा. निकाल लागल्यावर तो परत मागता येत नाही. दादाच्या घोट्यातली प्लेट अजून तशीच आहे. थंडीत ती दुखते, तेव्हा तो पाय शेगडीपाशी धरून बसतो.